चार पोस्टकार्डं

आमच्या गाडीचे टायर गोटा झालेत, हे मला गेल्या गणपतीत कळलं. भाचा आरतीला आला होता. आरतीला अवकाश होता म्हणून तो खाली जाऊन माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घालून आला आणि पाटावर बसता बसता म्हणाला, "मामा, टायर गेले तुझे."

"कुठे गेले? सकाळी तर होते."

त्याने मला हाताला धरून खाली नेलं, मोबाइलचा उजेड पाडला आणि टायरच्या खाचांच्या तळाशी असलेले बारीक उंचवटे दाखवले. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांना येऊन टेकला, की खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायरचं आयुष्य सरलं असं समजायचं. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण टायर आपल्या मरणाची खूण जन्मापासून अंगावर वागवतो, याची मला गंधवार्ता नव्हती. माणसाला अशी सोय असती तर विमा एजंटांची केवढी पायपीट वाचली असती!

"बदलून टाकू," मी म्हटलं. विषय इथेच संपायला हवा होता. पण भाचा अजून उकिडवाच बसलेला. एक्स-रे बघताना डॉक्टर काढतात तसला आवाज काढून तो म्हणाला, "बदलतोच आहेस तर जरा रुंद घाल ना. आणि हे चौदा इंची डबे काढून सोळा इंची अलॉय टाक. बघ ना कशी दिसते! हत्तीला बगळ्याचे पाय लावल्यासारखी."

माझी गाडी २०१४ सालची स्विफ्ट, मधल्या व्हेरिएंटची. दहा वर्षांत तिचे पाय बारीक आहेत असं मला एकदाही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून दुसरं काही दिसेनाच. आपल्या नव्या घराच्या दाराची चौकट किंचित तिरकी आहे असं पाहुण्याने सांगावं आणि पाहुणा गेला तरी चौकट जन्मभर तिरकीच दिसावी, तसं झालं. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या गाडीत कोण बसलंय हे सोडून मी खाली मान घालून तिची चाकं बघायला लागलो. हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजेपर्यंत बघत राहायचो. "अहो, समोर बघा," असं बायको आठवडाभर म्हणत होती. तिला वाटलं मानेचं दुखणं आहे.

त्या आठवड्यात एक गोष्ट मात्र कळली. चाळीस वर्षांत आपल्या गाड्यांचे पाय भलतेच वाढलेत. मारुती ८०० ला बारा इंची रिम आणि १४५ मिलिमीटर रुंदीचे टायर असायचे. चार माणसं, वर एक पाहुणा, डिकीत आंब्याच्या पेट्या एवढा संसार घेऊन ती पुण्याहून रत्नागिरीला जाऊन यायची. आताच्या थारला अठरा इंची रिमवर २५५ चे टायर असतात. नॅनोची तर गंमतच होती. पुढचे टायर १३५ चे आणि मागचे १५५ चे. इंजिन मागे म्हणून मागचे पाय जाड. बिचारीला एवढे टोमणे बसले, पण पुढे एक माप आणि मागे एक माप ही रीत मोठमोठ्या स्पोर्ट्स कारांची, हे तिच्या बाजूने कुणी बोललं नाही.

टायरवर जे लिहिलेलं असतं ते वाचायला मी पहिल्यांदा शिकलो तेही याच आठवड्यात. आमच्यावर होतं १६५/८० आर १४. यातले १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये सांगितली तर फार सोपं होईल, म्हणून रुंदीच्या टक्क्यांत. आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचात. लग्नाच्या यादीत हॉलचं भाडं रुपयांत, आचाऱ्याचं टक्क्यांत आणि मानपान तोळ्यांत लिहावं तसला हा कारभार. जगभर हे असंच चालतं आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. मधला 'आर' म्हणजे रेडियस, असं मी वीस-पंचवीस वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत आलोय. तो निघाला रेडियल. टायरच्या पोटातले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे टाकायचे, या रचनेचं ते नाव. मिशेलिन कंपनीने १९४६ साली तिचं पेटंट घेतलं. ज्यांना ज्यांना मी रेडियस सांगितलं, त्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.

शिवाय पुढे बारीक अक्षरात ८५ टी. म्हणजे एक टायर ५१५ किलो उचलू शकतो आणि ताशी १९० किलोमीटरपर्यंत टिकू शकतो. माझ्या गाडीने १९० हा आकडा पाहिला तो एवढाच, टायरवर. आणखी एका कोपऱ्यात चार आकड्यांची जन्मतारीख असते, आठवडा आणि वर्ष. ३२२४ असेल तर २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायरांची पत्रिका मी गुडघे टेकून, मान वाकडी करून वाचत होतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "किल्ली पडली का हो?" मी हो म्हटलं. पत्रिका वाचतोय हे सांगण्यापेक्षा ते बरं.

मग एका शनिवारी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा एखादा अवयव हवा असेल तर नाना पेठ. दुकानात भिंतभर अलॉय टांगलेले. जिलबीसारखे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, काही तर थेट आमच्या आजीच्या नथीच्या घडणीचे. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि दोघांचं वय जमेला धरून म्हणाला, "काका, १९५/५५ आर १६ टाका. गाडी रोडला चिकटून चालते की नाही बघा." शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकने त्याला दुजोरा दिला. "सतरापण बसेल," तो म्हणाला. "२०५/४५ टाकायचे. काही घासत नाही."

मी विचार करून सांगतो म्हणालो. हे वाक्य पुण्याच्या दुकानदारांना पाठ असतं. त्याने चहासुद्धा मागवला नाही.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. १६५ चे ऐंशी टक्के म्हणजे १३२. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून २६४. त्यात चौदा इंच, म्हणजे ३५५.६ मिळवले. माझ्या आत्ताच्या चाकाची एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर. मग सोळा इंची मांडलं. १९५ चे पंचावन्न टक्के, त्याची दुप्पट, त्यात ४०६.४. उत्तर आलं ६२०.९. मला वाटलं चुकलो. पुन्हा मांडलं. तेच. चौदाचे सोळा इंच केले, एवढे पैसे मोजले, आणि चाक वाढलं किती, तर सव्वा मिलिमीटर! सतरा इंची मांडल्यावर तर मी पेन्सिल खालीच ठेवली. ६१६.३. सतरा इंची चाक माझ्या चौदा इंची चाकापेक्षा तीन मिलिमीटरने लहान निघालं.

बायकोला बोलावून दाखवलं. तिने कागद पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "म्हणजे वड्याचं भोक मोठं केलं."

एवढ्या नेमक्या शब्दांत हे मला कुठल्याच जाणकाराने सांगितलं नसतं. मेदूवड्याचं भोक वाढवत नेलं तर वडा मोठा होत नाही, त्याची बांगडी होते. मोठ्या रिमचंही तेच. बाहेरचा घेर तेवढाच राहतो, आतलं लोखंड किंवा ॲल्युमिनियम वाढतं आणि रबर तेवढं घटतं. घेर तेवढाच का ठेवायचा, तर तो वाढवला की चाक मडगार्डला घासतं आणि स्पीडोमीटरची फसगत होते. समजा घेर तीन टक्क्यांनी वाढला, तर काट्यावर १०० दिसताना गाडी पूर्वीपेक्षा तीनने जास्त धावत असते. किलोमीटर मात्र कमी नोंदले जातात. गाडी विकताना वय चोरायचा हा एक सभ्य मार्ग आहे, पण मी तो कुणाला सुचवत नाही.

आमच्याकडची तरुण मंडळी दिमाखात चालणाऱ्याला 'हवा करतोय' म्हणतात. त्यातली मेख मला त्या रात्री कळली. गाडीची हवा करायची तर आधी टायरातली हवा कमी करावी लागते. चौदा इंचीच्या भिंतीची उंची १३२ मिलिमीटर, सतरा इंचीची ९२. पहिली गादी म्हणावी, तर दुसरी सतरंजी. आणि हा फरक कागदावर कळत नाही. तो बसून कळतो.

बसायची संधीही आली. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाच्या गाडीला सतरा इंची काळे-चंदेरी अलॉय आहेत. तो मला मोठ्या हौसेने पौड फाट्यापासून चांदणी चौकापर्यंत घेऊन गेला. गाडी वळणावर खरोखर छान बसत होती. स्टिअरिंग जरा हलवलं की ती लगेच ऐकत होती, माझ्या गाडीसारखं आधी विचार करून मग वळत नव्हती. हे कबूल. पण रस्त्यावर गटाराची झाकणं किती आहेत ते मला त्या दिवशी मोजून सांगता आलं असतं. प्रत्येक झाकण माझ्या पाठीच्या कण्यात वेगवेगळ्या मणक्यावर नोंदवलं गेलं. तो तरुण मात्र खड्डे चुकवत, अनवाणी माणूस खडीवरून चालतो तशी गाडी नेत होता. नजर रस्त्यावर कमी, रस्त्याच्या पृष्ठभागावर जास्त. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पुढच्या डाव्या टायरला फुगा आला होता. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात भिंत चिरडली की आतले धागे तुटतात आणि तेवढ्या जागेतून हवा टेंगळासारखी बाहेर डोकावते. त्याला पंक्चर नाही, ठिगळ नाही, टायरच टाकून द्यायचा. भिंत जितकी बुटकी तितकी ही भीती जास्त. अलॉयचं आणखी एक आहे. स्टीलचा रिम वाकला तर हायवेवरचा कुठलाही पंक्चरवाला हातोड्याने ठोकून तो सरळ करून देतो. ओतीव अलॉय फारसा वाकत नाही, तडकतो.

"आणि ॲव्हरेज?" मी विचारलं.

"ते नाही बघायचं काका," तो म्हणाला. "पण दिसते कशी!"

खाली उतरून चार पावलं गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू? दिसत होती. एवढंच की ती दिसायला मला खाली उतरावं लागलं. आत बसलेल्याला आपली चाकं दिसत नाहीत. ती दिसतात फुटपाथवरच्याला, सिग्नलच्या शेजाऱ्याला आणि भाच्याला. आपण पैसे मोजायचे, मणके आपले मोजून घ्यायचे आणि शोभा बघायची दुसऱ्याने. अंगठी तरी घालणाऱ्याला दिसते.

गाड्यांचे चित्रकार नव्या गाडीचं पहिलं चित्र काढतात तेव्हा चाकं मुद्दाम अवाढव्य काढतात. ते चित्र बघून बघून आपला डोळा बिघडलाय असं माझं मत आहे. प्रत्यक्षातली गाडी मग नेहमी बारीक पायांचीच वाटणार. पण भाच्यापुढे हे टिकेना. "मामा, दिसण्याचं सोड. ग्रिप बघ ग्रिप. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर. साधी गोष्ट आहे."

ती तितकी साधी नाही हे मला पोस्टकार्डाने शिकवलं.

माझी गाडी माणसांसकट बाराशे किलो धरली, तर एकेका चाकावर तीनशे किलो. टायरात ३३ ची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो दाब. तीनशेला २.३ ने भागलं की १३० चौरस सेंटिमीटर येतात. हवेच्या जोरावर गाडी तोलायची तर रस्त्याला टेकणारं रबर साधारण एवढंच असणार. आता आपल्या टपाल खात्याचं पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घ्या. लांबी १४ सेंटिमीटर, रुंदी ९. म्हणजे १२६. हिशोब ढोबळ आहे, टायरच्या भिंतीचा ताठपणा वगैरे मी सोडून दिलाय, पण चित्र खरं आहे. आपण, आपली बायको, मागच्या सीटवरची सासूबाई आणि डिकीतलं सामान हे सगळं चार पोस्टकार्डांवर उभं असतं. खंबाटकी घाटाच्या वळणावर, जुलैच्या पावसात, ट्रक मागे लागलेला असताना, चार पोस्टकार्डं. हा शोध लागल्यावर पहिल्या दिवशी मी चाळीसच्या वर गेलो नाही.

टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर पोस्टकार्ड मोठं होत नाही. फारसं तरी नाही. ते फक्त फिरतं. बारीक टायरचं पोस्टकार्ड गाडीच्या दिशेने उभं पडतं, रुंद टायरचं आडवं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर शाळेत गेलेलं नसल्यामुळे तो नियम ते पुरता पाळत नाही, म्हणून भाच्याच्या म्हणण्यात तथ्य होतंच. आडवं पोस्टकार्ड वळणावर जास्त घट्ट धरतं, कोरड्या रस्त्यावर ब्रेकलाही मदत होते. पण पावसात त्याच आडव्या पोस्टकार्डाला समोरचं पाणी जास्त रुंदीतून बाजूला सारावं लागतं. सारता आलं नाही, की चाक पाण्यावर चढतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला उरतं. उभं पोस्टकार्ड पाणी कापत जातं. कोकणात ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांनी हे एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मी भाच्यापुढे फॉर्म्युला वनचा दाखला ठेवला. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या २०२१ सालापर्यंत तेरा इंची रिमवर पळत होत्या, माझ्यापेक्षा एक इंच कमी. तो लगेच म्हणाला, "पण मागचा टायर ४०५ रुंद होता, आणि २०२२ पासून अठरा इंची केलेत." पोरगं हुशार आहे. मग मी बीएमडब्ल्यूची आय-थ्री ही विजेवरची गाडी काढली. तिला १९ इंची चाकं, पण पुढचा टायर फक्त १५५ चा. उंच आणि सडपातळ, थेट बगळाच. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ती कंपनीने दिली तर चालते."

यावर आणखी एक दाखला माझ्याकडे होता, तो मी मनातच ठेवला. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वरून चालायचा. शून्य पोस्टकार्ड. ॲव्हरेज उत्तम, टायरचा खर्च नाही, खड्ड्यांची तक्रार नाही. फक्त तो थांबवत कसे असतील? अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य बोलून रथ खाली टेकला, याबद्दल सगळे हळहळतात. माझ्या मते सारथ्याने सुटकेचा निःश्वास टाकला असणार. निदान ब्रेक लागायला लागले.

खरं म्हणजे हवेचा टायर ही मूळची आरामाची वस्तू. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण ते मागे पडलं. मग बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली तो टायर पुन्हा शोधला. डनलॉप पेशाने जनावरांचे डॉक्टर. पोराच्या तीनचाकी सायकलीला भरीव रबराची चाकं, दगडी रस्ते, पोराचं अंग खिळखिळं. बापाने रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली, ती चाकाला गुंडाळली. पोराला सुख व्हावं म्हणून बापाने हवेची भिंत उभी केली. आता सव्वाशेहून जास्त वर्षांनी पोरं बापांना ती भिंत पाडायला सांगताहेत, शिवाय वर पैसे देऊन.

आणि मोठं चाक म्हणाल, तर ते मी पाहिलेलं आहे. सातारा जिल्ह्यात माझ्या आजोळी बैलगाडी होती. तिचं चाक दहा वर्षांच्या माझ्या छातीला लागायचं. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांच्या टोकाला पुठ्ठे, आणि सगळ्यांना कवळून धरणारी लोखंडी पट्टी. त्या पट्टीला 'धाव' म्हणतात. टायरला याहून सुंदर नाव जगात कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना सणच. लोखंडी कडं शेण्यांच्या वर्तुळात लालबुंद तापवायचं, चौघांनी चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचं, आणि लाकूड पेट घेण्याआधी वर पाण्याच्या घागरी रिकाम्या करायच्या. वाफेचा लोट, चर्र आवाज, आणि थंड होताना आवळत जाणारं लोखंड. ते चाक खरोखर मोठं होतं. बाहेरून मोठं, म्हणून खड्ड्यात बुडायचं नाही, त्यावरून सहज निघून जायचं. बैलांचे श्रम वाचायचे. आणि होतं अरुंद, म्हणून चिखलात शिरलं तर खालची घट्ट जमीन गाठायचं. आजोबांना कुणी त्याची धाव दुप्पट रुंद करायला सांगितलं असतं, तर त्यांनी आधी बैलांना विचारून ये म्हटलं असतं. पुढे उसाच्या गाड्यांना मोटारीचे टायर आले, डांबरी रस्त्याला ते बरे पडले, आणि धाव हा शब्द हळूहळू लोकांच्या तोंडातून गेला.

एवढा अभ्यास झाल्यावर निर्णय घ्यायला मी आणखी तीन आठवडे लावले. कायद्याचंही पाहिलं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीत कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. विमेवाल्यांनाही अशा वेळी वाचनाची अचानक गोडी लागते. तेव्हा मी कंपनीचंच पुस्तक उघडलं. माझ्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीनेच १८५/६५ आर १५ दिलेले होते. मांडून पाहिलं, ६२१.५. घेर जवळपास तोच. रुंदी वीस मिलिमीटर जास्त. भिंत १२० ची, म्हणजे गादीचा कापूस थोडा कमी, पण गादी ती गादीच. भाच्याचं समाधान होणार नव्हतं, माझंही पुरतं होत नव्हतं. दोघांचंही सारखंच असमाधान झालं की व्यवहार योग्य झाला असं वडील म्हणायचे. त्यांच्या चेतक स्कूटरला तर प्रश्नच नव्हता. पुढचं, मागचं आणि स्टेपनी, तिन्ही चाकं एकाच मापाची, दर पावसाळ्याआधी आलटून पालटून लावायची. 

नाना पेठेत पुन्हा गेलो. दुकानदाराने ओळखलं. या वेळी चहा मागवला. पंधरा इंची साधे अलॉय, नथीची घडण नको म्हणून सांगितलं. जुने टायर निघाले, नवे चढले, बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे चिकटले, अलाइनमेंट झालं. शेवटी त्याने विचारलं, "नायट्रोजन भरायचा ना?" मी म्हटलं, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, तेवढा चालेल. त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे आणि गाडीकडे पाहिलं आणि साधी हवा भरली. त्या क्षणी मी त्याच्या मनातून कायमचा उतरलो असणार. बिलाचा आकडा बायकोने वाचला आणि तो कागद शांतपणे घडी करून दसऱ्याच्या खरेदीच्या यादीत ठेवला. तो तिथे कशासाठी ठेवला ते मला पुढे कळलं.

गाडी आता वळणावर खरंच जरा बरी बसते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग किंचित जड लागतं. ॲव्हरेज साडेसतरा होतं, ते सतरावर आलं. भाच्याने पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणाला, म्हणजे पास केलं पण वर्ग दिला नाही. बाकी कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. चार दिवसांनी सोसायटीच्या वॉचमनने गाडीकडे निरखून पाहिलं. माझी छाती फुगली. तो म्हणाला, "साहेब, आज गाडी धुतली वाटतं."

डिकीत मात्र स्टेपनी जुनीच आहे, १६५/८० आर १४, काळ्या स्टीलच्या रिमवर. स्टेपनी हा शब्द इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाकं बनायची. त्या रस्त्याचं नाव आपण अजून रोज घेतो. गेल्या महिन्यात साताऱ्याहून येताना खंबाटकी उतरल्यावर मागचा उजवा टायर बसला. तीच लावली आणि साठच्या वर न जाता घरी आलो. तीन पाय हत्तीचे आणि एक बगळ्याचा. वाटेत टोलवर, पंपावर, आमच्या फाटकातही कुणी काही म्हणालं नाही.

त्या स्टेपनीत हवा होती हे माझं नशीब. ती मी दोन वर्षांत एकदाही तपासली नव्हती. टायर कुठल्याही मापाचे घाला, पण तुमच्या डिकीतल्या चाकात हवा आहे का, तेवढं आज खाली जाऊन बघून या.